तपासणी निर्दोष, तरी दुखणे कायम

युनियनच्या कचेरीत पगाराचे प्रश्न येतात, तसे चारचौघांत न बोलण्याचेही येतात. एखादा तरुण दार लोटून घेतो, खिशातला कागद पुढे करतो. “दादा, निगेटिव्ह लिहिलंय. मग हा व्रण कसला?”

निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, असे आपण धरून चालतो. खरा अर्थ इतकाच की, त्या दिवशी, त्या नमुन्यात, जे शोधले ते सापडले नाही. मेख या तीन गोष्टींतच आहे.

प्रथम दिवस घेऊ. गरमीचा जंतू शाउडिन व हॉफमन यांनी १९०५ साली शोधला. १९०६ साली वासरमान यांची रक्तपरीक्षा निघाली. पण गरमीची नेहमीची रक्तपरीक्षा जंतू शोधत नाही. शरीराने त्याच्याविरुद्ध उभी केलेली प्रतिद्रव्ये शोधते. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी न दुखणारा व्रण उठतो, त्या सुमारास ती पुरेशी तयार झालेली असतातच असे नाही. पाळी सुरू होण्याआधी हजेरी घेतली, तर पट कोराच दिसणार! एचआयव्हीच्या प्रतिद्रव्यांची खात्री होण्यास तर तीन महिनेही लागू शकतात. उलट प्रकारही घडतो. प्रतिद्रव्ये फारच झाली तर व्हीडीआरएल परीक्षा फसते. रक्तजल पातळ करून पाहिले म्हणजे खरे रूप कळते.

दुसरा नमुना. परम्याचे जंतू घशात किंवा गुदद्वारात असतील, तर ते लघवीत कसे सापडणार? हर्पीसच्या फोडावर खपली धरल्यावर घेतलेला नमुनाही रिकामा येऊ शकतो. दुकानातून आणलेल्या चार गोळ्यांनी जंतू दबतात, पण संपतातच असे नाही.

तिसरे, शोधले काय? परमा व क्लॅमिडिया तपासले, आणि जळजळ ट्रायकोमोनास वा मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमची असली, तर कागद खरा आणि दुखणेही खरे. शिवाय मूतखडा, लघवीचा साधा दाह, बुरशी यांनीही त्रास होतो. तेथे घरच्या माणसावर संशय घेणे हा अन्यायच होय.

मग करावे काय? कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. संबंध केव्हा व कसा आला, कोणती औषधे घेतली, हे न लपवता सांगावे, आणि ते सांगतील त्या मुदतीने पुन्हा तपासावे. तोवर संबंध टाळावा. रोग ठरल्यास जोडीदाराचीही तपासणी हवी. गर्भवतीची गरमी पोटातल्या मुलाला गाठते, आणि वेळीच दिलेले पेनिसिलिन ते मूल वाचवू शकते. सरकारी रुग्णालयांत ही सोय आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो.

करारनाम्यात काय लिहिले आहे त्याइतकेच काय लिहिलेले नाही हेही पाहावे, असे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. तपासणीचा कागदही तसाच वाचावा. लाजेपायी तो घडी घालून खिशात ठेवणारा एकटा आजारी राहत नाही; घरही आजारी पाडतो.