देवी आल्या, देवी काढल्या

घरात पन्नाशी ओलांडलेले कुणी असेल तर त्यांच्या हाताकडे एकदा नीट पाहा. दंडावर किंवा कोपराखाली नाण्याएवढा, किंचित खोलगट, सुरकुतलेला डाग दिसेल. कुणाला एक, कुणाला दोन, काहींना तर चार! कसला म्हणून विचारलेत तर उत्तर मिळेल, ‘लहानपणी देवी काढल्या होत्या.’

माझ्या आजीच्या हातावर असा डाग नव्हता. तिच्या चेहऱ्यावर मात्र वण होते. ती सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या आणि तिच्या पाठच्या भावालाही. आजी वाचली, भाऊ गेला. हे सांगताना ती कधी ‘रोग’ असा शब्द वापरत नसे. ‘देवी आल्या’ एवढेच म्हणायची आणि हात जोडायची.

मराठीत रोगाचे नाव देवी आणि त्या रोगाची लस टोचण्यालाही देवी काढणे! माणसाची श्रद्धा आणि आधुनिक विज्ञान यांची गाठ आपल्याकडे कशी पडली, हे या दोन शब्दप्रयोगांत साठवलेले आहे.

देवीच्या सर्वसाधारण साथीत दर दहा रोग्यांपैकी तिघे दगावत. जे वाचत त्यांतले काही आंधळे होत. औषध नव्हतेच. अशा वेळी माणसाने काय करावे? उत्तर हिंदुस्थानात शीतलामाता, दक्षिणेत मारिअम्मा, आपल्याकडे शीतलादेवी. गाढवावर बसलेली, हाती केरसुणी, डोक्यावर सूप. ती घरात आली म्हणजे पाहुणी आली आणि पाहुणीला कुणी हाकलून देत नाही! मग फोडणी बंद, तळण बंद, दाराला कडुनिंबाची डहाळी, बाहेरच्याला मज्जाव. आज हसू येईल, पण त्यातल्या शेवटच्या नियमाने काही शेजारी वाचलेही असतील.

देवाचा कोप ही समजूत केवळ आपल्याकडचीच होती असे मात्र नाही. १७२२ मध्ये लंडनमधील एडमंड मॅसी या धर्मोपदेशकाने प्रवचनातून बजावले, की रोग हे देवाने परीक्षेसाठी किंवा शिक्षेसाठी धाडलेले असतात; ते टाळण्यासाठी टोचून घेणे हे पाप आहे. तेव्हा जेन्नरची लस नव्हती. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीखाली घालून सौम्य देवी आणवायच्या, अशी पद्धत होती. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टनमध्ये हीच पद्धत उचलून धरणारा कॉटन मेदर हा स्वतः धर्मोपदेशक होता. त्याला ती सांगितली होती ओनेसिमस नावाच्या त्याच्या आफ्रिकी गुलामाने. विरोध केला तो शहरातील बहुतेक डॉक्टरांनी! मेदरच्या घरात कुणीतरी पेटता हातबॉम्बही फेकला. त्या साथीत बोस्टनमध्ये ८४४ माणसे मेली. टोचून घेतलेल्या सुमारे अडीचशेंपैकी सहा दगावली. धर्म एका बाजूला आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, असे सोपे चित्र रंगवणाऱ्यांनी ही हकीकत जरूर वाचावी.

बंगालमध्ये तर टोचणे हाच पूजेचा भाग होता. हॉलवेल या इंग्रज वैद्याने १७६७ मध्ये लिहून ठेवले आहे, की साथीचा मोसम सुरू होण्यापूर्वी ब्राह्मण टोचणारे गावोगाव फिरत. आधी खाण्यापिण्याचे पथ्य, मग टोचणे, गंगाजल, देवीची पूजा. त्यात धोका होताच. टोचलेल्याला खऱ्या देवी येत आणि त्याच्यापासून दुसऱ्यालाही लागण होई.

इंग्लंडमधील एडवर्ड जेन्नरने १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला गायीच्या देवींची लस टोचली, तेव्हा हा धोका टळला. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, हिंदुस्थानातील पहिली लस टोचली गेली ती मुंबईत. बगदाद, बसरा अशा वाटेने ती येथवर आली होती. ॲना डस्टहॉल ही तीन वर्षांची मुलगी. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी पाच मुलांना टोचले, त्यांच्याकडून पुढे हैदराबाद, मद्रास... लस टिकवण्याची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, असाच तिचा प्रवास!

आणि खरी अडचण इथेच होती. दुसऱ्याच्या अंगातला पू आपल्या लेकराच्या अंगात घालायचा? कुणाचा, कुठल्या जातीचा? त्या मुलाला दुसरा काही रोग असला तर? (ही शेवटची भीती अगदी खरी होती.) जुना टोचणारा आधी देवीपुढे हात जोडी, पथ्य सांगे. नवा माणूस परक्या सरकारचा, घाईत असलेला. लोकांचा विश्वास बसला नाही तो केवळ अंधश्रद्धेमुळे, असे म्हणणे मला तरी पटत नाही. खुद्द गांधीजींचाही लस टोचण्याला विरोध होता, हे आज अनेकांना ठाऊक नसते.

पुढे वासराच्या कातडीवर लस तयार होऊ लागली, सक्तीचे कायदे झाले, पण साथी येतच राहिल्या. स्वतंत्र भारताने १९६२ मध्ये देवी-निर्मूलनाची देशव्यापी मोहीम हाती घेतली. तरीही १९७४ मध्ये देशात दीड लाखाहून अधिक रोगी सापडले, त्यांतले बहुसंख्य बिहारमध्ये. आरोग्यसेवक फोड आलेल्या बाळाचे चित्र हाती घेऊन घरोघर, बाजारात, शाळेत विचारत फिरले, ‘असे कुणी पाहिलेत का?’ रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस. रोगी सापडला की आसपासच्या सगळ्यांना टोचायचे.

या मोहिमेतील एक प्रसंग तेव्हाच्या परदेशी डॉक्टरांनी लिहिला आहे. सिंहभूममध्ये हो आदिवासींच्या एका प्रमुखाने टोचून घ्यायला नकार दिला. रोग देणारा आणि नेणारा देव, त्याच्या इच्छेपुढे मान तुकवणे हा माझा धर्म, असे त्याचे म्हणणे. पथकाने दार फोडून, झटापट करून त्याला आणि घरच्यांना टोचले. सगळे आटोपल्यावर तो शांतपणे परसात गेला, वेलीवरची काकडी तोडून आणली आणि त्या डॉक्टरांच्या हाती दिली. तुम्ही तुमचा धर्म पाळलात, मी माझा. आता तुम्ही आमच्या घरचे पाहुणे, असे तो म्हणाला. तो प्रसंग वाचल्यावर बराच वेळ मला दुसरे काही सुचले नाही. बळजबरी चूकच, आणि रोग थांबला हेही खरे.

मे १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. १९७७ मध्ये सोमालियात शेवटची नैसर्गिक लागण झाली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

रोग गेला, पण देवी गेली नाही. मुंबईत माहीमला शीतलादेवीचे देऊळ आहे, गुडगावला शीतलामातेची जत्रा भरते. शीतला सप्तमीला अनेक घरांत आजही चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचे थंड अन्न खातात. आता मागणे असते ते गोवर-कांजिण्यांपासून मुलांना जपण्याचे, किंवा नुसतेच मुलांच्या आयुष्याचे.

माझ्या वडिलांना १९६० च्या सुमारास आजीनेच दवाखान्यात नेऊन देवी काढून आणल्या. निघण्यापूर्वी तिने देवीला हळदकुंकू वाहिले, दहीभाताचा नैवेद्य ठेवला. टोचून घ्यायचे तर मग नैवेद्य कशाला, असे मी एकदा तिला विचारले होते.

‘अगं, भाऊ नेला होता तिने माझा,’ आजी म्हणाली. ‘हा देणार नाही, असं तिला सांगून नको का जायला?’