सीपॅप उपचार

सीपॅप उपचार : झोपेत घशातील वायुमार्ग वारंवार मिटून श्वसन खंडित होण्याच्या, म्हणजे अवरोधी निद्राश्वासरोध या विकारावरील एक यांत्रिक उपचारपद्धती. ‘वायुमार्गातील सततचा धन दाब’ अशा अर्थाच्या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव रूढ झाले आहे. या पद्धतीत विजेवर चालणारा लहान पंखा खोलीतील हवा किंचित दाबाखाली आणतो आणि ती नळी व मुखवटा यांच्या द्वारे रुग्णाच्या नाकातून किंवा नाक व तोंड या दोहोंतून घशापर्यंत पोहोचविली जाते. हा उपचार विकार समूळ नाहीसा करीत नाही. चष्म्याप्रमाणे त्याचा उपयोग तो धारण केला असेपर्यंतच होतो. त्यामुळे मुखवटा रात्रभर सुखाने लावता येणे ही केवळ सोयीची बाब नसून उपचाराचे यश तीवरच अवलंबून असते.

विकाराचे स्वरूप : जागेपणी घशाचे स्नायू वायुमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते शिथिल होतात आणि ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो किंवा मेदामुळे अरुंद झालेला असतो, अशा व्यक्तींत जीभ व मृदू तालू मागे येऊन मार्ग बंद होतो. श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ थांबल्यास त्याला श्वासरोध म्हणतात. रक्तातील ऑक्सिजन कमी झाला की मेंदू क्षणभर जागा होतो, घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेतला जातो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. पूर्ण व अंशतः अवरोधांची ताशी संख्या ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व ३० पेक्षा अधिक असल्यास तीव्र मानला जातो. मोठ्याने घोरणे, सकाळची डोकेदुखी, दिवसा अनावर झोप व एकाग्रतेचा अभाव ही प्रमुख लक्षणे होत. उच्च रक्तदाब, हृद्‌विकार व पक्षाघात यांच्याशी या विकाराचा संबंध आढळतो, तर वाहनचालकाच्या बाबतीत दिवसाची झोप प्रत्यक्ष अपघाताला कारण होते [⟶ झोप].

घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जात असल्याने पुष्कळ रुग्णांचे निदान होत नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वर्षे वयाच्या शहरी पुरुषांची केलेली पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ७.५ टक्के पुरुषांत लक्षणांसह हा विकार आढळला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचा उल्लेख केल्याने त्याचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले.

उगम व कार्य : १९८० पूर्वी तीव्र रुग्णांत श्वासनालाला गळ्यातून छिद्र पाडणे हाच खात्रीचा उपाय होता. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील वैद्य कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरील सीपॅपचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आरंभीचे मुखवटे प्रत्येक रुग्णाच्या चेहऱ्याच्या साच्यावरून बनवून नाकावर चिकटवावे लागत आणि पंखेही मोठे व आवाजी होते. आजची यंत्रे उशाशी ठेवण्याजोगी लहान असून त्यांचा आवाज कुजबुजीइतका असतो.

वापरला जाणारा दाब सामान्यतः ४ ते २० सेंमी. पाण्याच्या स्तंभाइतका असतो. वातावरणाचा दाब सु. १,०३३ सेंमी. स्तंभाइतका असल्याने १० सेंमी. ही वाढ जेमतेम एक टक्क्याची होय. एवढ्या दाबाने फुप्फुसांत हवा कोंबली जात नाही. मोडलेल्या हाडाला खपाची जसा आधार देते, तसा हवेचा स्तंभ घशाच्या भिंतींना आतून आधार देतो, एवढेच. श्वास रुग्ण स्वतःच घेतो व सोडतो. ही गोष्ट रुग्णाला समजल्यास ‘यंत्र आपला श्वास चालवीत आहे’ ही भीती बरीच कमी होते.

वापराचा काळ : अमेरिकेतील शासकीय आरोग्यविम्यात सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर हा पुरेसा मानला जातो. हा निकष हिशेबाच्या सोयीचा आहे. शरीराची गरज त्याहून मोठी आहे. डोळ्यांच्या जलद हालचालींची स्वप्नावस्था मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात येते आणि त्याच अवस्थेत स्नायू सर्वाधिक शिथिल होऊन श्वासरोध वाढतात. पहाटे तीन वाजता मुखवटा काढून ठेवणारा रुग्ण अशा रीतीने सर्वांत धोक्याचे तास उपचारावाचून काढतो. हृद्‌रोग किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत सरासरी वापर रात्री ३.३ तासच भरला. या रुग्णांची दिवसाची झोप कमी झाली. पण हृद्‌विकाराचे झटके वा पक्षाघात यांचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. अपुरा वापर हे याचे एक कारण असावे, असे काही तज्ञ मानतात.

मुखवटा : बहुतेक तक्रारींचे मूळ मुखवट्याच्या मापात असते. मुखवटे तीन प्रकारचे असतात : नाकावर बसणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या मऊ गाद्यांचा आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा. शक्य असेल तेथे पहिल्या दोहोंपैकी एकाने आरंभ करणे श्रेयस्कर असते, कारण तिसऱ्याची कड लांब असल्याने गळती अधिक होते. दाट मिशी असल्यास नाकपुड्यांच्या गाद्या सोयीच्या ठरतात. नाकातील चमकीमुळे कड नीट बसत नसेल, तर ती रात्री काढून ठेवावी लागते. चेहऱ्यावरील तेल किंवा मलम यांनी सिलिकोनाची कड निसटते व लवकर खराब होते. म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा धुणे इष्ट असते. काही मुखवट्यांच्या पट्ट्यांना चुंबकी चाप असतात. हृद्‌गतिनियंत्रक बसविलेल्या व्यक्तीने किंवा तिच्या शय्येवरील जोडीदाराने असे मुखवटे वापरू नयेत.

हवा निसटू लागली की पट्ट्या आवळण्याकडे स्वाभाविक कल असतो. परंतु तो उलट परिणाम करतो. कडेची पातळ घडी हवेने फुगून त्वचेवर तरंगत राहिली, तरच ती घट्ट बसते. आवळल्याने ती चेपून गळती वाढते आणि नाकाच्या उंचवट्यावर व्रण पडतो. यासाठी मुखवट्याची जुळणी आडवे पडून, हवा सुरू ठेवून, नेहमीच्या कुशीवर करावी.

नाक, तोंड व पोट : निरोगी नाक आत येणाऱ्या हवेला ऊब व ओलावा देते आणि बाहेर जाणाऱ्या हवेतून त्याचा काही अंश परत मिळविते. झोपेत तोंड उघडे पडल्यास हवा नाकातून आत येऊन तोंडावाटे निघून जाते. हा एकमार्गी प्रवाह नाकाचे अंतस्त्वचेचे अस्तर कोरडे करतो, ते सुजून नाक चोंदते, नाक चोंदल्याने तोंड आणखी उघडते आणि रुग्ण मुखवटा काढून टाकतो. हे चक्र तोडण्यासाठी तापविलेल्या पाण्याची आर्द्रताकारी पेटी, हनुवटीचा पट्टा, मिठाच्या पाण्याचा फवारा आणि अधिहर्षतेमुळे होणाऱ्या सर्दीवरील औषधोपचार उपयोगी पडतात. नाकाचा पडदा वाकडा असल्यास कान-नाक-घसा तज्ञाचा सल्ला आवश्यक असतो. काही रुग्ण हवा गिळतात व सकाळी पोट फुगते. तेव्हा डोक्याकडील बाजू उंच करणे व वैद्याकडून दाबाची फेरतपासणी करून घेणे हे उपाय होत.

दाब व सवय : आरंभी कमी दाब देऊन तो हळूहळू वाढविण्याची, तसेच उच्छ्‌वासाच्या वेळी दाब किंचित उतरविण्याची सोय आधुनिक यंत्रांत असते. श्वासागणिक गरज ओळखून दाब बदलणारी यंत्रेही आहेत. कोंडल्याची भीती वाटणाऱ्या रुग्णाने मुखवटा आधी दिवसा, वाचताना वा गाणे ऐकताना हातात धरून, नंतर पट्ट्या लावून व शेवटी हवा सुरू करून वापरावा. पहिल्या काही आठवड्यांतील सवय पुढे टिकते, म्हणून या काळात वैद्याशी संपर्क व घरच्यांचे साह्य यांना विशेष महत्त्व असते.

हवामान व घर : यंत्र खोलीतीलच हवा पुरवीत असल्याने सुसह्यता ऋतूनुसार बदलते. नागपूरचे उदाहरण बोलके आहे. तेथे मे महिन्यात कमाल तापमान ४५° से. च्या आसपास जाते आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता अनेकदा २५ टक्क्यांच्या खाली उतरते, तर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान कधीकधी १०° से. च्याही खाली येते. प्रतापनगरसारख्या निवासी भागात उन्हाळ्यात खिडकीला कूलर लावण्याची रीत आहे. कूलर पाण्याने भिजलेल्या जाळीतून हवा ओढत असल्याने खोली आधीच दमट होते. तेव्हा पेटीची आर्द्रता कमी ठेवावी. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी असते. तेथे ती वाढवावी. कूलर वा पंख्याचा झोत थेट नळीवर येऊ देऊ नये. हिवाळ्यात पेटीतील उबदार ओली हवा थंड नळीत येताच तिच्यातील वाफेचे पाणी होते, ते नाकापर्यंत येते व रुग्ण दचकून जागा होतो. नळीवर कापडी वेष्टन घालणे, तापणारी नळी वापरणे किंवा आर्द्रता एक पायरी उतरविणे हे यावरील उपाय होत. यंत्र नेहमी डोक्याच्या पातळीच्या खाली असावे, म्हणजे साचलेले पाणी नाकाकडे न वाहता मागे जाते. मात्र जमिनीवर ठेवल्यास ते धूळ ओढते. पलंगालगतचा ठेंगणा चौरंग ही चांगली जागा होय. वीज गेल्यास इन्व्हर्टरवर यंत्र चालते आणि पाणी तापविणे बंद ठेवल्यास त्याला वीज पुष्कळ कमी लागते. गच्चीवर झोपणाऱ्यांनी यंत्राची सोय तेथेही केली पाहिजे, कारण विकार जागा बदलल्याने थांबत नाही.

निगा : मुखवट्याची कड रोज व नळी आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवून सावलीत वाळवावी. पेटीत ऊर्ध्वपातित पाणी वापरून ते रोज बदलावे. जड पाण्याने तळाशी क्षारांचा थर बसतो. हवेची गाळणी धुळीच्या दिवसांत वरचेवर तपासावी. यंत्र ओझोनाने शुद्ध करणारी साधने टाळावीत, कारण उरलेला ओझोन श्वासमार्गाला अपायकारक असतो.

मर्यादा : वजन घटविणे, कुशीवर झोपणे, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळणे यांची जोड सीपॅपला हवी. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधन, तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया हे पर्याय आहेत. लठ्ठ रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये या विकारावर मान्यता मिळाली. तथापि मध्यम व तीव्र विकारात सीपॅप हाच प्रमुख उपचार आहे. तो सहन होत नाही म्हणून सोडून देणारा रुग्ण बहुधा मापात न बसणारा मुखवटा, कोरडे नाक किंवा नळीतील पाणी यांमुळे त्रासलेला असतो. कारण नेमके शोधले, तर त्याच्यासाठी उपायही बहुधा सापडतो.