फॉरमॅट केले तरी उरणारा धोका

संगणकात विषाणू शिरल्याचे कळले की आपल्यापैकी बहुतेक जण एक ठरावीक उपाय योजतात. महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, हार्ड डिस्क फॉरमॅट करायची आणि विंडोज नव्याने बसवायची. संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञही तेच करतो आणि ‘आता सगळे स्वच्छ झाले’ असे सांगून निघून जातो. बहुतांश प्रसंगी त्याचे म्हणणे खरेही असते. तथापि या उपायामागे एक गृहीत दडलेले आहे. हार्ड डिस्कला ‘पूस’ म्हटले की ती पुसते आणि ‘दाखव’ म्हटले की जे आहे तेच दाखवते, हे ते गृहीत होय. ते मोडता येते, हे पुराव्यानिशी सिद्ध झालेले आहे. इंटरनेट बँकिंग करणाऱ्या ग्राहकांचे आणि ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्या प्रत्येक शाखेचे हित या विषयाशी निगडित असल्याने तो थोड्या विस्ताराने समजून घेणे उपयुक्त ठरेल.

डिस्कच्या आतला संगणक

हार्ड डिस्क म्हणजे माहिती साठवण्याचा निर्जीव डबा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती स्वतःच एक छोटा संगणक असते. तिच्या धातूच्या पेटीत चुंबकीय थर दिलेल्या तबकड्या असतात. नेहमीच्या वापरातील डिस्कमध्ये त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे या वेगाने फिरतात. पेटीच्या खालच्या बाजूस एक सर्किट बोर्ड असतो व त्यावर प्रोसेसर आणि स्मृतीच्या चिप बसवलेल्या असतात. तबकडीवरील मजकूर नेमका कोठून वाचायचा, खराब झालेल्या भागाऐवजी कोणती राखीव जागा वापरायची, संगणकाने मागितलेली माहिती त्याच्या हाती कशी द्यायची, हे सर्व हा प्रोसेसर ठरवतो. त्याला चालवणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर असे म्हणतात.

हे फर्मवेअर काही अंशी बोर्डावरील चिपमध्ये आणि काही अंशी तबकड्यांवरच राखून ठेवलेल्या एका पट्ट्यात साठवलेले असते. हा राखीव पट्टा विंडोजला दिसत नाही. आपण ज्याला ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्ह म्हणतो तो फर्मवेअरने आपल्यासाठी खुला केलेला भाग होय आणि फॉरमॅटची क्रिया तेवढ्याच भागावर चालते. अलीकडच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या नसतात. मात्र नियंत्रक चिप आणि फर्मवेअर तेथेही असतेच.

आता कल्पना करा की कोणी या फर्मवेअरमध्येच फेरफार केला. संगणक सुरू होताना डिस्कच्या आरंभीच्या भागातील आज्ञा सर्वप्रथम मागतो. बिघडवलेले फर्मवेअर तेथील खऱ्या आज्ञांऐवजी स्वतःजवळच्या घातक आज्ञा पुढे करू शकते. आपण डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने बसवली, तरी पुढच्या वेळी संगणक सुरू करताच तोच घुसखोर पुन्हा आत येतो. अँटिव्हायरसचाही येथे निरुपाय होतो, कारण तपासण्यासाठी लागणारा मजकूर त्याला डिस्ककडेच मागावा लागतो.

२०१५ सालचा अहवाल

फेब्रुवारी २०१५ मध्ये रशियातील कॅस्परस्की लॅब या संगणक सुरक्षा कंपनीने ‘इक्वेशन ग्रुप’ असे नाव दिलेल्या एका हेरगिरी करणाऱ्या गटाविषयी सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. हा गट निदान २००१ पासून कार्यरत असल्याचे त्यात नमूद होते. वेस्टर्न डिजिटल, सीगेट, मॅक्सटर, सॅमसंग, तोशिबा, हिताची अशा नामांकित उत्पादकांच्या डिस्कचे फर्मवेअर बदलू शकणारा एक घटक या गटाच्या मालवेअरमध्ये सापडला होता. फॉरमॅट केल्यानंतरही टिकून राहणे आणि चोरलेली माहिती ठेवण्यासाठी डिस्कवर अदृश्य जागा निर्माण करणे, ही त्याची दोन कामे. बाधित संगणक ३० हून अधिक देशांत आढळले. त्यांत भारताचा समावेश होता आणि लक्ष्य झालेल्या क्षेत्रांत वित्तीय संस्थांचाही.

कॅस्परस्कीने कोणत्याही देशाचे नाव घेतले नाही. तथापि अनेक तज्ज्ञांनी या गटाचा संबंध अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीशी जोडला. त्याला पूर्वपीठिकाही होती. डिसेंबर २०१३ मध्ये ‘डेर श्पीगेल’ या जर्मन साप्ताहिकाने त्या एजन्सीच्या साधनांची एक गोपनीय सूची उजेडात आणली होती व तीत हार्ड डिस्कच्या फर्मवेअरमध्ये बसणाऱ्या एका साधनाचे वर्णन होते.

असे काम केवळ बलाढ्य सरकारी यंत्रणांनाच साधते, असेही मानण्याचे कारण नाही. २०१३ मध्येच नेदरलँड्समधील येरून डॉम्बुर्ग या तंत्रज्ञाने एका बाजारी हार्ड डिस्कचे फर्मवेअर बदलून तिच्याकडून हवे ते वदवून घेण्याचे प्रात्यक्षिक करून दाखवले. संगणकाने पासवर्डची फाइल मागितली की डिस्क वाटेतच तीत बदल करून देत असे. तबकडीवरील मूळ फाइल मात्र जशीच्या तशी राही.

हार्ड डिस्कपुरता हा प्रश्न नाही

फर्मवेअर सर्वत्र असते आणि म्हणून हा धोकाही एकाच उपकरणापुरता सीमित नाही. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ अथवा ‘चेर्नोबिल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या विषाणूने मदरबोर्डवरील बायोस चिपमधील मजकूरच बिघडवून टाकला आणि असंख्य संगणक सुरू होईनासे झाले. तो विध्वंसक होता, त्यामुळे निदान दिसला तरी. २०१४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ हा प्रकार जगापुढे मांडला. फर्मवेअर बदललेला पेन ड्राइव्ह संगणकाला जोडताच आपण कीबोर्ड असल्याची बतावणी करतो आणि जणू एखादी व्यक्ती टंकलेखन करीत आहे अशा रीतीने आज्ञा देऊ लागतो. २०१८ मध्ये स्लोव्हाकियातील ईसेट कंपनीला ‘लोजॅक्स’ आढळले. ते मदरबोर्डवरील चिपमध्ये वास्तव्य करीत असल्याने हार्ड डिस्क नवी बसवली तरी निघत नसे.

हिशेबनीस आणि तपासनीस एकच असल्यास

या सर्व प्रकारांच्या मुळाशी असलेला दोष बँकेत काम करणाऱ्या कोणालाही सहज ओळखता येईल. हार्ड डिस्क स्वतःच नोंदी ठेवते, स्वतःच त्या दाखवते आणि आपल्या नोंदी बरोबर असल्याचे प्रमाणपत्रही स्वतःच देते. कॅस्परस्कीच्या तज्ज्ञांनी एक बाब विशेषत्वाने निदर्शनास आणली होती. बहुतेक डिस्कमध्ये फर्मवेअर लिहिण्याची सोय असते. परंतु लिहिलेले परत वाचून पाहण्याची सोय नसते. म्हणजे खातेवहीत नोंद करण्याची मुभा सर्वांना आणि वही उघडून पाहण्याची मुभा कोणालाच नाही!

बँकिंग व्यवसायाने या दोषावरचा उपाय फार पूर्वी शोधला. व्यवहार नोंदवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही मेकर-चेकर पद्धत आपल्या नित्य परिचयाची आहे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात. एखाद्या कंपनीचे लेखापरीक्षण करताना तिच्या खात्यातील शिल्लक किती, हे लेखापरीक्षक कंपनीच्या वहीत पाहून थांबत नाही. तो बँकेकडून परस्पर खातरजमा करून घेतो. यामागे कोणा व्यक्तीवरील अविश्वास नसतो. ज्याची तपासणी करायची त्याच्याच तोंडून तपासणीचा निष्कर्ष ऐकू नये, एवढेच तत्त्व असते.

संगणकाच्या क्षेत्रातील उपायही याच तत्त्वावर आधारलेले आहेत. उत्पादक फर्मवेअरवर डिजिटल स्वाक्षरी करतो आणि स्वाक्षरी जुळल्याखेरीज उपकरण नवे फर्मवेअर स्वीकारत नाही. ही पडताळणी करणारा भाग कायमस्वरूपी आणि बदलता न येणारा असावा लागतो. अन्यथा चोर तपासनीसालाच फितवील. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेने मे २०१८ मध्ये फर्मवेअरच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत संरक्षण, बिघाडाचा शोध आणि पूर्वस्थितीत आणण्याची क्षमता, या तीन गोष्टींवर भर दिलेला आहे.

तत्त्व विसरले की काय होते, याचेही उदाहरण आहे. काही एसएसडी स्वतःच माहिती सांकेतिक रूपात साठवतात. विंडोजमधील बिटलॉकर ही सुविधा अशा डिस्कच्या शब्दावर विसंबून स्वतः सांकेतीकरण करीत नसे. नोव्हेंबर २०१८ मध्ये नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक डिस्कचे कुलूप पासवर्डशिवाय उघडून दाखवले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये धोरण बदलले आणि बिटलॉकर स्वतःच सांकेतीकरण करू लागले.

आपण काय करावे?

प्रथम धोक्याचे प्रमाण लक्षात घ्यावे. हार्ड डिस्कचे फर्मवेअर बदलणारा घटक अत्यंत निवडक लक्ष्यांवरच वापरला गेल्याचे २०१५ च्या अहवालातच म्हटले होते. सर्वसामान्य ग्राहकाचे पैसे लुबाडणाऱ्यास इतका खटाटोप करावा लागत नाही. खोट्या दूरध्वनीवर ओटीपी सांगितला गेला किंवा अनोळखी दुव्यावरून ॲप उतरवून घेतले गेले तरी त्याचे काम भागते. म्हणून या लेखाने घाबरून न जाता पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. संगणक, हार्ड डिस्क व पेन ड्राइव्ह अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. कोणाच्या हातून आली हे ठाऊक नसलेली जुनी डिस्क बँकिंगच्या संगणकात बसवू नये.

२. बायोस अथवा डिस्कचे फर्मवेअर अद्ययावत करायचे असल्यास ते उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे. संगणकातील ‘सिक्युअर बूट’ ही सोय चालू ठेवावी.

३. फर्मवेअरमध्ये शिरण्यापूर्वी मालवेअरला प्रथम विंडोजमध्ये शिरून प्रशासकीय अधिकार मिळवावे लागतात. म्हणून विंडोज नियमितपणे अद्ययावत ठेवणे आणि दैनंदिन कामासाठी प्रशासकीय अधिकार नसलेले खाते वापरणे, हा साधा वाटणारा उपाय या धोक्यावरही लागू पडतो.

४. सापडलेला अथवा भेट मिळालेला पेन ड्राइव्ह कुतूहलापोटीही जोडून पाहू नये. शाखेत कागदपत्रे पेन ड्राइव्हमधून स्वीकारण्यास कर्मचाऱ्यांनी नकार दिल्यास काही ग्राहकांना ती अडवणूक वाटते. मात्र त्या नकारामुळे त्यांच्याच खात्याचे रक्षण होत असते, हे त्यांनी समजून घ्यावे आणि कर्मचाऱ्यांनीही ते सौजन्याने समजावून द्यावे.

५. जुना संगणक विकताना वा देऊन टाकताना केवळ फॉरमॅटवर विसंबू नये. ज्या डिस्कवर ग्राहकांची किंवा खात्यांची माहिती होती ती शाखेबाहेर न जाऊ देता विहित पद्धतीने नष्ट करावी आणि त्याची नोंद दोघांच्या स्वाक्षरीने ठेवावी. तबकड्यांच्या डिस्कवरील मजकूर शक्तिशाली चुंबकाने नष्ट होतो. एसएसडीवर मात्र चुंबकाचा उपयोग होत नाही, तिची चिपच तोडावी लागते.

६. संशय आल्यास बँकिंग व्यवहारांची खातरजमा दुसऱ्या उपकरणावरून करावी. मोबाइलवर येणारा एसएमएस, पासबुकातील नोंद, शाखेतील चौकशी, हे संगणकाच्या पडद्यापेक्षा स्वतंत्र साक्षीदार आहेत. पासबुक नियमितपणे भरून घेण्याची जुनी सवय त्यामुळे आजही उपयुक्त आहे.

७. आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात येताच बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी शिल्लक आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत अनेक चिप आणि अनेक आज्ञावल्यांच्या हातांतून जाते. त्यांतील प्रत्येकीची तपासणी करणे ग्राहकास शक्य नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. महिन्यातून एकदा तरी पडद्यावरील आकडा पासबुकाशी ताडून पाहणे मात्र प्रत्येकास शक्य आहे.