रक्त पडलं म्हणजे मूळव्याधच असं नाही

शौचावाटे रक्त पडलं की आपण म्हणतो, 'मूळव्याध असेल', आणि लाजेपोटी गप्प बसतो. पण रक्ताबरोबर आव पडते, पोटात कळ येऊन वारंवार शौचाला पळावं लागतं, आणि हे आठवडेच्या आठवडे थांबत नाही? मग डॉक्टरांना दाखवा. तो अल्सरेटिव्ह कोलायटिस असू शकतो.

यात मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. आजार गुदाशयापासून, म्हणजे आतड्याच्या शेवटच्या टोकापासून सुरू होतो. तो किती वर चढला, त्यावरून प्रकार ठरतात. गुदाशयापुरताच असेल तर प्रॉक्टायटिस. डाव्या बाजूपर्यंत गेला तर डाव्या बाजूचा कोलायटिस. त्याहीवर पसरला तर पॅनकोलायटिस.

दुर्बिणीच्या तपासणीत हे कळतं आणि त्यावरून औषध ठरतं. खालच्याच भागात असेल तर बहुतेकदा गुदद्वारातून ठेवायचं औषध पुरतं. वर पसरला असेल तर पोटात घ्यायच्या गोळ्याही लागतात.

हा आजार संसर्गाचा नाही. ताटवाटी वेगळी करू नका. बरं वाटलं म्हणून, किंवा दिवस गेले म्हणून, मनानं गोळ्या बंद करू नका, आजार उलटतो. साधारण ८ वर्षांनंतर कॅन्सरसाठी दुर्बिणीची तपासणी पुन्हा सुरू करावी लागते, म्हणून कागदपत्रं जपून ठेवा.

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. एकीनं तोंड उघडलं की दुसरीला धीर येतो.