रिपोर्टातलं ‘फायलोडीस’ म्हणजे काय?

मैत्रिणींनो, खारघरला टाटांचं कॅन्सरचं केंद्र आहे, त्यामुळे गाठीचे रिपोर्ट आपल्या ओळखीचे. स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टात क्वचित ‘फायलोडीस’ हा शब्द येतो, त्याबद्दल आज आम्ही बोलतोय. मूळ ग्रीक अर्थ पानासारखं. गाठ कापली की आत चिरलेल्या कोबीसारख्या घड्या दिसतात. १८३८ साली म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने नाव ठेवताना ‘सार्कोमा’ही जोडलं, म्हणजे कर्करोग. तिथूनच उगाच धसका! यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण त्या भराभर वाढतात, लेपानं विरत नाहीत. भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट काढाव्या लागतात, नाहीतर पुन्हा येऊ शकतात. फायलोडीसच्या जोडीचा शब्द डॉक्टरांना विचाराच: बिनाइन म्हणजे साधी, मॅलिग्नंट म्हणजे कर्करोगाची, बॉर्डरलाइन म्हणजे काठावरची.