तंतुवाद्यांची चौकडी आणि क्युबाचा ठेका

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार वाद्यांच्या मेळास पाश्चात्त्य अभिजात संगीतात 'स्ट्रिंग क्वार्टेट' असे म्हणतात. हायडन, मोत्सार्ट आणि बीथोव्हेन यांच्या काळापासून हा मेळ अत्यंत प्रतिष्ठेचा मानला गेला आहे. अमेरिकेतील 'टर्टल आयलंड' या चौकडीने १९८५ मध्ये याच चार वाद्यांवर जाझ वाजविण्यास आरंभ केला आणि २००२ मध्ये क्युबात जन्मलेले सॅक्सोफोन व क्लॅरिनेटवादक पाकितो द रिवेरा यांच्यासमवेत 'दान्सोन' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. अभिजात तंतुवाद्ये, अमेरिकी जाझ आणि लॅटिन ठेके यांच्या अशा मेळाचे वर्णन सहसा 'अनोखा संगम' असे केले जाते. हे वर्णन अर्धेच खरे आहे. क्युबात व्हायोलिन हे नृत्यासाठी ताल धरणारे वाद्य म्हणून शंभराहून अधिक वर्षे रुळलेले होते. अनोखे होते ते जाझच्या दृष्टीने.

या चौकडीची स्थापना सॅन फ्रान्सिस्को परिसरात झाली. तिचे संस्थापक व्हायोलिनवादक आणि संगीतकार डेव्हिड बालकृष्णन हे अमेरिकेतच वाढले. आडनावावरून लक्षात येते त्याप्रमाणे त्यांचे वडील मूळचे भारतीय. व्हायोलिनवादक डॅरोल अँगर आणि चेलोवादक मार्क समर हे आरंभीचे सहकारी होत. 'टर्टल आयलंड' म्हणजे कासवाचे बेट. कासवाच्या पाठीवर पृथ्वी उभी आहे, अशी उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची सृष्टिकथा आहे आणि तीवरून हे नाव घेण्यात आले. भारतीय वाचकास कूर्मावताराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे.

चौकडीसमोरील मुख्य अडचण तालाची होती. जाझमध्ये ढोल, डबल बास आणि पियानो हे तालाचा पाया घालतात. चौकडीत यांपैकी एकही वाद्य नसते. त्यापूर्वी जाझमध्ये तंतुवाद्ये आली नव्हती असे मुळीच नाही. थोर सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये तंतुवाद्यांसह केलेले ध्वनिमुद्रण विख्यात आहे. परंतु तेथे व्हायोलिनांचे कार्य मखमली पडद्यासारखे होते: पुढे नायक वाजवितो, मागे दीर्घ स्वरांची झुळझुळ चालू राहते. स्टॅन गेट्झ यांच्या १९६१ मधील 'फोकस' या रचनासंग्रहात तंतुवाद्यांना अधिक स्वतंत्र भूमिका मिळाली, तरी उत्स्फूर्त वादनाचा अधिकार प्रामुख्याने सॅक्सोफोनकडेच राहिला.

टर्टल आयलंडच्या वादकांनी हा पडदा बाजूस सारला. त्यासाठी त्यांनी ज्या युक्तीचा अवलंब केला तिला 'चॉप' म्हणतात. गज मुठीजवळच्या भागाने तारांवर वरून खाली आपटायचा. स्वर उमटत नाही, उमटतो तो कोरडा, खरखरीत आघात. हे तंत्र १९६० च्या दशकात रिचर्ड ग्रीन या अमेरिकी लोकसंगीतातील व्हायोलिनवादकाने शोधून काढले आणि अँगर यांनी त्यांच्याकडून ते आत्मसात करून विकसित केले. दोन आघातांच्या मध्ये सुरांचे तुकडे पेरता येतात, त्यामुळे एकच वादक ताल आणि संगती दोन्ही सांभाळू शकतो. समर यांनी चेलोच्या तारा बोटांनी छेडून डबल बासचे काम केले आणि वाद्याच्या लाकडावर थापा देऊन ढोलाचेही. प्रथमच ऐकणाऱ्यास पडद्याआड एखादा तालवादक दडला असावा असा भास होतो.

दुसरी अडचण शिक्षणाची. युरोपीय पद्धतीने शिकलेला व्हायोलिनवादक लिहिलेले स्वर अचूक वाजविण्यात निष्णात असतो, मात्र समोरचा कागद काढून घेतल्यास तो बहुधा थांबतो. अठराव्या शतकात बाख आणि मोत्सार्ट स्वतः उत्स्फूर्त वादनासाठी प्रसिद्ध होते; ही कला पुढे संगीत विद्यालयांतून जवळजवळ लोप पावली. भारतीय श्रोत्याला यातील अडचण समजण्यास थोडा वेळ लागतो, कारण आपल्याकडे हेच वाद्य युरोपातून आले आणि थेट रागविस्तारास लागले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांनी ते कर्नाटक संगीतात आणल्याचे मानले जाते. उत्तर हिंदुस्थानी संगीतात वाई येथे जन्मलेल्या पं. विष्णु गोविंद जोग यांनी त्यास मान मिळवून दिला. जोग यांच्या मैफलीत स्वरलिपीचा कागद कोणी शोधला नसता. अमेरिकेतील चौकडीला मात्र हे स्वातंत्र्य नव्याने मिळवावे लागले.

आता क्युबाकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस हैतीतील क्रांतीमुळे अनेक फ्रेंच जमीनदार त्यांच्या गुलामांसह पूर्व क्युबात आश्रयास आले. त्यांच्यासमवेत आलेल्या युरोपीय समूहनृत्याच्या संगीतात आफ्रिकी वंशाच्या वादकांनी आपले ठेके मिसळले. या धारेतून 'दान्सोन' हा प्रकार उत्क्रांत झाला. मिगेल फाइल्दे यांची दान्सोन रचना १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास या शहरात प्रथम वाजविली गेली आणि तोच या प्रकाराचा जन्मदिन मानला जातो. दान्सोनच्या आरंभीच्या भागात जोडपी नाचत नाहीत. उभ्या उभ्या गप्पा मारतात, स्त्रिया पंख्याने वारा घेतात, आणि ठरलेल्या जागी संगीत वळले की पावले पडू लागतात. नंतरच्या काळात दान्सोन वाजविणाऱ्या वृंदास 'चारंगा' हे नाव मिळाले. त्यात बासरी, व्हायोलिने, पियानो, डबल बास, 'तिंबालेस' हे धातूचे ढोल आणि भोपळ्याचे खाचा पाडलेले 'गुइरो' हे वाद्य असे.

क्युबाच्या या संगीताचा कणा म्हणजे 'क्लावे'. या शब्दाचा अर्थ किल्ली असाही होतो आणि लाकडाच्या दोन दांड्या एकमेकींवर आपटून तो वाजविला जातो. मराठी वाचकास तीनतालाच्या आधारे तो सहज समजेल. तीनतालात १६ मात्रांचे चार समान भाग असतात: १, ५, ९ आणि १३. क्लावेच्या सर्वाधिक प्रचलित रूपात १६ सूक्ष्म मात्रांत पाच आघात येतात: १, ४, ७, ११ आणि १३ व्या स्थानी. पहिल्या अर्धात तीन, दुसऱ्यात दोन. म्हणजे आपल्या सवयीच्या जागांपैकी केवळ पहिली आणि तेरावी जुळते. इतर ठिकाणी हात पडावयास जातो आणि आघात आधीच होऊन गेलेला असतो किंवा व्हावयाचा असतो. हा झोल हेच नृत्याचे इंधन आहे. सुरावटीनुसार तीन आघातांचा अर्ध आधी यावा की दोनांचा, हे ठरते. एकदा ठरल्यावर मात्र तो क्रम उलटत नाही. क्लावे प्रत्यक्ष वाजत नसला तरी प्रत्येक वादकाच्या मनात चालू असतो. एका वादकाचा अर्ध चुकला, तर जाणकार नर्तकाचे पाऊल तत्काळ अडखळते.

चारंगातील व्हायोलिने याच ठेक्यावर लहान सुरावट पुन्हा पुन्हा घोळवीत राहतात. ओरेस्तेस लोपेस यांनी १९३८ मध्ये 'माम्बो' नावाचा दान्सोन रचला आणि त्याच्या अखेरच्या भागात अशा घोळविण्यास मोकळे मैदान मिळाले. त्यांचे बंधू काचाओ हे डबल बासवादक हवाना फिलहार्मोनिक वृंदातही अनेक वर्षे वाजवीत असत. एकाच बोटांना बीथोव्हेनही ठाऊक होता आणि दान्सोनही. १९५० च्या दशकाच्या आरंभी जगभर गाजलेला 'चा-चा-चा' हा प्रकार एन्रिके होर्रीन यांनी घडविला. होर्रीन हे व्हायोलिनवादक होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते.

जाझ आणि क्युबा यांची गाठ मात्र दुसऱ्याच वाद्यांनी बांधली. न्यूयॉर्कमध्ये माचितो यांच्या वृंदाने १९४० च्या दशकात ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोलांच्या बळावर हा मेळ घडविला. १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी आणि ढोलवादक चानो पोसो यांनी कार्नेगी सभागृहात तो गाजविला. त्या वाऱ्याची झुळूक मुंबईपर्यंतही पोहोचली होती. सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेल्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटातील बोंगोचे ठेके आणि गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा त्यातील सहभाग रसिकांच्या स्मरणात आहे. या सर्व धामधुमीत चारंगाची व्हायोलिने जाझच्या मुख्य प्रवाहाबाहेरच राहिली.

पुढे राजकारणाने वाटच बंद केली. १९६१ मध्ये अमेरिका आणि क्युबा यांचे राजनैतिक संबंध तुटले. १९६२ मध्ये व्यापारबंदी आली. क्युबात 'जाझ' हा शब्द सरकारदरबारी संशयास्पद ठरला. १९६७ मध्ये तेथे एक मोठा वृंद स्थापन झाला तेव्हा त्याचे नाव 'आधुनिक संगीताचा क्युबन वृंद' असे ठेवण्यात आले. द रिवेरा आणि पियानोवादक चुचो वाल्देस या वृंदात होते आणि १९७३ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह 'इराकेरे' हा गट उभा केला. द रिवेरा हे हवानातील सॅक्सोफोनवादकाचे पुत्र; बालवयातच अभिजात वृंदासमवेत एकल वादन केलेले. १९७७ मध्ये गिलेस्पी व स्टॅन गेट्झ एका पर्यटक जहाजातून हवानास आले, तेव्हा त्यांनी इराकेरेला ऐकले. पुढील वर्षी हा गट न्यूयॉर्कमध्ये वाजला आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. तथापि १९८० मध्ये स्पेनच्या दौऱ्यावर असताना द रिवेरा यांनी अमेरिकी दूतावासात आश्रय मागितला. पत्नी आणि मुलगा क्युबातच राहिले. त्यांना बाहेर काढण्याचे वचन तेवढे मागे होते. क्युबाचे अभिजात शिक्षण, दान्सोन आणि जाझ हे तिन्ही एकत्र बाळगणारा कलावंत अमेरिकी चौकडीला भेटला, त्यामागे अशी किंमत होती.

२००२ च्या ध्वनिमुद्रिकेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. चारंगाच्या मांडणीकडे पाहिल्यास बासरीची जागा क्लॅरिनेट घेऊ शकते, व्हायोलिनांना त्यांचे जुने घोळविण्याचे काम परत मिळते आणि चेलो डबल बासच्या ठिकाणी उभा राहतो. 'चॉप'चा कोरडा आघात तर गुइरोच्या खरखरीला बराच जवळचा आहे. अशा प्रकारच्या सर्वच प्रयोगांना हे साधते असे नाही. अनेक वृंदांत लॅटिन म्हणजे केवळ वर शिंपडलेला मसाला असतो. मेलोडी युरोपीयच राहते आणि क्लावे कुठेतरी हरवून जातो. ऐकताना व्हायोलिनांवर टाळी धरून पाहावी: पाच आघात त्यांच्यात सापडले, तर मेळ आतून जुळला आहे असे समजावे.

पुरस्कारांच्या व्यवस्थेत अशा संगीताची जागा कोणती, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. टर्टल आयलंडला २००६ मध्ये आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या संगीतावरील ध्वनिमुद्रिकेसाठी २००८ मध्ये ग्रॅमी मिळाले. दोन्ही वेळा विभाग जाझचा नव्हता, तर 'क्लासिकल क्रॉसओव्हर' या सीमावर्ती नावाचा होता. एप्रिल २०११ मध्ये ग्रॅमीच्या संयोजकांनी पुरस्कारांची संख्या १०९ वरून ७८ वर आणली. त्यात हा विभाग गेला आणि लॅटिन जाझचाही स्वतंत्र विभाग गेला. लॅटिन जाझच्या वादकांनी निदर्शने केली, प्रकरण न्यायालयापर्यंत नेले, आणि २०१२ मध्ये त्यांचा विभाग पुन्हा सुरू झाला. क्लासिकल क्रॉसओव्हर मात्र परतला नाही.