एका अक्षराचा दावा

माहीम पश्चिमेला, एल. जे. रोडच्या पहिल्या क्रॉस रोडवर महालक्ष्मी इंजिनिअरिंग इस्टेट आहे. रेडिफ डॉट कॉमच्या मुख्यालयाचा पत्ता म्हणून ही इमारत वर्षानुवर्षं ओळखली गेली. १९९६ साली सुरू झालेलं हे पोर्टल तीनच वर्षांत एका अक्षरासाठी मुंबई उच्च न्यायालयात भांडत होतं. ‘सायबरबूथ’ने ‘रॅडिफ डॉट कॉम’ नोंदवलं होतं. रोमन लिपीत ‘ई’च्या जागी ‘ए’, बाकी अक्षरं तीच. आपण हे नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर, फ्री या शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून घडवलं, असा प्रतिवादींचा बचाव होता. १९९९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळून मनाई हुकूम दिला. डोमेन नाव हा नुसता इंटरनेटवरचा पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं, हे त्या निकालाने ठामपणे सांगितलं.

मुळात असं नाव मिळालंच कसं? रजिस्ट्रार फक्त नाव मोकळं आहे का, एवढंच बघतो. पहिला येईल त्याला मिळतं. पुढे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी डीएनएस ही यंत्रणाही अंदाज बांधत नाही. ब्राउझरने नाव विचारलं की चौकशी आधी रूट सर्व्हरकडे, मग ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’च्या सर्व्हरकडे आणि शेवटी त्या डोमेनच्या नेमसर्व्हरकडे जाते. तिथल्या ‘ए रेकॉर्ड’मध्ये आयपी क्रमांक असतो. अक्षर चुकलं की ते सरळ दुसऱ्याचं नाव.

म्हणून नाव निवडताना आपल्याकडची खरी अडचण रोमन स्पेलिंगची. माहीमचा हलवा विकणाऱ्याने ‘डब्ल्यू’ घ्यायचा की ‘व्ही’? गिऱ्हाईक दोन्ही टाइप करणार. माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही घ्यावीत आणि एकावरून दुसऱ्याकडे वळवावं. २०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं, पण तिथेही ‘माहीम’ आणि ‘माहिम’ ही दोन वेगळी नावं.

नाव घेतलं म्हणजे काम संपलं नाही. एकाच आयपीवर अनेक साइट्स असतात, त्यामुळे कोणत्या नावाला कोणती साइट द्यायची हे वेबसर्व्हरला सांगावं लागतं. सुरक्षा प्रमाणपत्र त्याच नावाचं लागतं. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय, दोन्ही त्यात हवीत, नाहीतर अर्ध्या लोकांना लाल इशारा दिसतो. मेलसाठी ‘एमएक्स रेकॉर्ड’ वेगळा. सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर लक्षात ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणावी. ती २४ तासांची राहिली, तर काही गिऱ्हाइकं दिवसभर बंद सर्व्हरचं दार ठोठावत बसतात.

आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे? छोट्या दुकानांचं, मंडळांचं डोमेन बहुतेक वेळा साइट बनवणाऱ्या मुलाच्या खात्यात असतं. तो नोकरी बदलतो, फोन बदलतो, आणि मुदत संपल्याचं कोणाला कळतच नाही. ‘डॉट इन’ची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची. ती संस्थेच्या नावावर करावी आणि संपर्काचा ई-मेल त्याच डोमेनवरचा देऊ नये. डोमेन बंद पडलं की नूतनीकरणाची सूचनाही पोहोचत नाही.